जोडशेपटीच्या विमानाचा दिवा

श्रीगणेशाला, कुलस्वामिनी सप्तशृंगीला आणि जिच्या तीरावर माझे आयुष्य सरले त्या गोदावरीला वंदन करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी तर्पण करताना आप्तांची नावे संपली, तरी ओंजळीत थोडे तीळ उरले. ते दरवर्षी उरतात आणि दरवर्षी मी ते एका परगोत्रातील गृहस्थांच्या नावे सोडतो. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. मीही तेच म्हणेन.

नाशिकरोडला रुळांलगत त्यांचे घर होते. वरच्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्याने दिल्या होत्या. मी तेव्हा एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. सत्तरीचे दशक संपत आले होते. गार्डसाहेबांची उभी नोकरी मनमाडच्या जंक्शनवर मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात झाली होती. निवृत्तीनंतर ते इथे आले, परंतु शेवटच्या डब्यातून ते कधी उतरलेच नाहीत. कोणीही घराबाहेर पडू लागले की ते ओट्यावर येत, हिरवे निशाण दाखवीत आणि गार्डाच्या शिट्टीतून बारीक शीळ फुंकीत. पानावर बसण्यापूर्वीही शीळ. दूधवाल्यालासुद्धा निशाण मिळाल्याशिवाय सायकल पुढे काढता येत नसे.

"काका, मागून बस आली तरी तुमचं निशाण खालीच," तो चिडवी.

"बस तुझी मागे आहे. रस्ता पुढे आहे. पुढे बघ."

दिवेलागणीला ते एक विशेष काम करीत. तांबड्या काचेचा कंदील पेटवून तो घराच्या पुढे नव्हे, मागच्या भिंतीवर टांगीत. पहिल्या आठवड्यात मी कारण विचारले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग सांगितले, "शास्त्रीबुवा, गाडी स्टेशनात शिरली म्हणजे आली असं लोक समजतात. मध्येच डबे तुटून मागे राहिले असतील तर? म्हणून स्टेशनमास्तर इंजिनाकडे बघत नाही. तो शेवटच्या डब्यामागचा दिवा बघतो. दिवा दिसला, की गाडी पूर्ण आली. नाही दिसला, तर ती अजून सेक्शनमध्ये आहे."

सेक्शन म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ. एक गाडी तिथे असेतोवर दुसरी सोडायची नाही, ती पूर्ण पोचली की मगच 'लाइन क्लिअर', हा त्यांचा वेदच होता. पुढे माझ्या ध्यानात आले, की गार्डसाहेब कोणाही माणसाला 'गेला' असे म्हणत नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या सोनारांचे प्रेत ओट्यासमोरून नेत होते, तेव्हाही ते निशाण हाती धरून उभे होते आणि मला हळूच म्हणाले, "सेक्शनमध्ये शिरले. पोचल्याची तार तुमच्या शास्त्रात येते का कधी?"

मी म्हणालो, "येत नाही. म्हणूनच श्राद्ध करायचे असते."

"म्हणजे तुमचंही काम अंदाजानेच चालतं," ते म्हणाले. त्यात उपहास नव्हता. एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्याची अडचण समजून घेतो, तसा तो स्वर होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा विमानदलात होता. ईशान्येच्या डोंगरांवरून रसद नेणारे त्याचे विमान एके दिवशी उडाले आणि उतरले नाही. ना अवशेष सापडले, ना देह. लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याची पत्नी म्हणजे गार्डसाहेबांची सूनबाई. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवी, मंगळसूत्र घाली, कुंकू लावी आणि सासऱ्यांची भाकरी थापी. सासूबाई आधीच निवर्तल्या होत्या. मी त्या घरात राहू लागलो तेव्हा मुलाच्या खोलीला कुलूप होते आणि त्याच्या विमानतळावरून आलेली पत्र्याची पेटी आत तशीच होती.

बारा वर्षे भरली त्या उन्हाळ्यात सूनबाईंचा भाऊ सायखेड्याहून आला. बरोबर द्राक्षांची करंडी होती. तो दांडगा, सरळ मनाचा शेतकरी होता. चहा होईपर्यंत त्याने दम धरला आणि मग माझ्यासमोरच बोलला.

"तात्या, लय झालं आता. सटाण्याचे एक मास्तर हायेत. बायको वारली त्यांची, लेकरू नाय. माणूस सोन्यासारखा. ताईनं अजून किती दिस वाट बघायची?"

गार्डसाहेब म्हणाले, "गाडी सेक्शनमध्ये आहे. दुसरी सोडता येत नाही."

"बारा वर्षं झाली तात्या! कसली गाडी अन् कसलं काय! शास्त्रीबुवा, तुम्ही सांगा, शास्त्रात काय हाय?"

मी जे होते ते सांगितले. ज्याची वार्ताच नाही अशा परागंदा माणसासाठी बारा वर्षे थांबण्याची मर्यादा आहे. ती संपल्यावर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला विधिपूर्वक अग्नी द्यावा. मग तो माणूस पितरांत गेला असे मानावे. गार्डसाहेबांनी शांतपणे ऐकले.

"आणि पुतळा जाळल्यावर तो दारात उभा राहिला तर?"

"त्याचीही सोय आहे. त्याचे जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करतात. तो नव्याने जन्मला असे समजतात."

"म्हणजे नवं तिकीट," ते म्हणाले. त्यांनी निशाण मांडीवर घेतले आणि गुंडाळून ठेवले. "नाही. मी दिवा पाहिलेला नाही."

त्या संध्याकाळी सूनबाई जिन्याशी आली. हात पदराला पुशीत म्हणाली, "शास्त्रीकाका, मला जायचं आहे. खोटं कशाला बोलू? पण त्यांना खोटं पाडून नाही जायचं. त्यांनी निशाण दाखवलं तरच."

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेबांनी मुलाच्या खोलीचे कुलूप काढले. पेटीत कपडे होते, दाढीचे सामान होते आणि तळाशी पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्यावर विमानाचे रंगीत चित्र होते. पोट जाड, पंखे दोन, आणि मागे दोन लांब दांड्यांवर दोन शेपट्या. मुलगा ज्यात बसून गेला ते विमान याच जातीचे. हौसेने आणलेला तो खोका त्याला उघडायलाही सवड मिळाली नसावी. आत राखाडी प्लास्टिकचे शेकडो भाग काड्यांना लगडलेले होते. डहाळीला बोरे लगडावीत तसे. सोबत इंग्रजीत छापलेला घडीचा कागद होता.

गार्डसाहेब मला म्हणाले, "हे जुळवतो. त्याचं काम अर्धवट राहिलंय. हे पूर्ण होईतो कोणी पुतळ्याचं नाव काढायचं नाही."

पासष्टीच्या पुढच्या, जन्मात खेळणे न जोडलेल्या माणसाचा तो उद्योग मी जवळून पाहिला. प्रारंभी त्यांनी गव्हाची खळ वापरून पाहिली. सकाळी पंख गळून पडले. मग सुताराचा गोंद. तोही प्लास्टिकला धरेना. अखेर मेन रोडवरच्या पेनदुरुस्तीवाल्याकडून त्यांनी मोडक्या टोपणांना सांधण्याचे औषध एका बाटलीत आणले. मी बरोबर होतो. पेनवाल्याने बाटली देताना बजावले, "गार्डसाहेब, थेंब एक. दुसरा पडला की तुमच्या विमानाचा गूळ होईल. खिडकी बंद करून बसू नका, डोकं फिरेल."

"ते आधीच फिरलंय म्हणतात लोक."

"मग आता उलटं फिरून जागेवर येईल," पेनवाला म्हणाला, आणि दोघेही मोठ्याने हसले.

गार्डसाहेबांची काम करण्याची रीत त्यांची स्वतःची होती. छापील कागदावर पायऱ्या क्रमाने दाखवल्या होत्या. त्यांनी कागद उलटा धरल्यासारखा शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. गार्ड गाडीला मागून ओळखतो. आधी शेपट्या, मग दांडे, मग पंख, मग पोट. अशा क्रमाने ते नाकाकडे सरकत राहिले. काडीवरून भाग कातरीने न तोडता ते पिळून तोडीत, त्यामुळे प्रत्येकाला एक गाठ राही. मग ती नखाने खरवडत बसत. पारदर्शक खिडक्यांवर औषधाचा हात लागला आणि त्या दुधाळ झाल्या. आत बसवलेला बोटाच्या पेराएवढा वैमानिक त्यानंतर धुक्यातून दिसल्यासारखा दिसे.

शेपट्यांना दिवा लावण्याच्या दिवशी ते अडले. विमानाला शेपट्या दोन. दिवा कुठल्या शेपटीला? त्यांनी हा प्रश्न मला इतक्या गांभीर्याने विचारला, की मीही धर्मनिर्णय द्यावा तसा विचार करून म्हणालो, "संशय असेल तिथे दोन्हीकडे करावे." त्यांना ते पटले. घरात तांबडा रंग नव्हता. ते आत पाहून म्हणाले, "सूनबाई, चिमूटभर कुंकू दे गं."

करंडा घेऊन ती उंबऱ्यातच थांबली. क्षणभर तिने तो धरून ठेवला. मग दिला. व्हार्निशमध्ये कालवलेल्या त्या कुंकवाचे दोन ठिपके दोन शेपट्यांच्या टोकांवर बसले. विमानाच्या शेपटीला तांबडा दिवा नसतो, असे मला पुढे एका जाणकाराने सांगितले. गार्डसाहेबांना ते ठाऊक असते तरी त्यांनी तांबडाच लावला असता.

ज्या गोष्टीसाठी मी हे लिहीत आहे तिच्याकडे आता येतो. तिच्याबद्दल मी आजवर फारसा बोललो नाही.

वैशाखातली दुपार होती. नाशिकरोडला त्या वेळी रस्त्यावर कुत्रेही नसे. मी उतरून खाली गेलो तर गार्डसाहेब विमानाच्या उजव्या पंखाकडे टक लावून बसले होते. पंखाच्या मुळाशी, प्लास्टिक औषधाने मऊ झाले होते तिथे, अंगठ्याचा एक ठसा उमटला होता. रेषा अगदी स्वच्छ होत्या. आणि त्या सर्वांना छेदत एक आडवी रेघ गेलेली होती.

गार्डसाहेबांनी आपले दोन्ही अंगठे माझ्यासमोर धरले. कुठेही व्रण नव्हता.

"लहानपणी संक्रांतीला मांजानं त्याचा अंगठा कापला होता," ते म्हणाले. "उजवा. असाच, आडवा. टाके मीच घालून आणले होते."

मी म्हणालो, "गोंदाचा तंतू आडवा पडला असेल. ओल्या प्लास्टिकवर तसा व्रण दिसतो."

"असेल," ते म्हणाले. "मी आज पंखाला हात लावलेला नाही."

सूनबाई बाहेर आली, वाकून तिने तो ठसा पाहिला आणि आत गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

विमान पूर्ण झाले त्या दिवशी गार्डसाहेबांनी आंघोळ करून, टोपी घालून ते पुढच्या खोलीतल्या टेबलावर चाकांवर उभे केले. हात काढला मात्र, विमान सावकाश मागे कलले. दोन्ही शेपट्या टेबलाला टेकल्या आणि नाक वर आभाळाकडे गेले. त्यांनी ते खाली दाबले. हात काढताच पुन्हा वर. मी दाबले, तरी वर.

"खाली यायचं नाही त्याला," गार्डसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "बघा शास्त्रीबुवा. अजून चढतंय ते. जो चढतोय तो पोचला असं मी कसं म्हणू?"

पुढचे काही आठवडे त्या घरात वावरणे मला जड गेले. टेबलावर ते नाक वर करून बसलेले असे आणि दुधाळ काचेमागे तो इवलासा माणूस वर पाहत असे. रुळांवरून मालगाडी गेली की सारे घर हादरे, टेबल थरथरे आणि विमान आपल्या शेपट्यांवर किंचित वळे. ते थरथरीनेच वळत होते, हे मला कळत होते. तरी सकाळी दाराकडे तोंड करून ठेवलेले विमान दुपारी ईशान्येकडे वळलेले असे; पुन्हा दाराकडे फिरवावे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ईशान्येकडे. ती ईशानाची, म्हणजे रुद्राची दिशा. त्याच दिशेच्या डोंगरांत तो मुलगा गेला होता. मी त्या खोलीतून जाताना मनात रुद्राची ऋचा म्हणू लागलो, हे मी लपवीत नाही.

सायखेड्याहून भाऊ पुन्हा येऊन गेला. मास्तरांच्या घरचे लोक आता उत्तर मागत होते. विमान पाहून तो दारातच थबकला. "हे असं काय बसलंय?" तो कुजबुजला. "ताई, तू हिथं ऱ्हाऊ नको. चल माझ्यासंगं." ती गेली नाही.

गाठ तिनेच उकलली. शाळेला सुटी होती. भर दुपारी ती तो छापील कागद घेऊन बसली आणि शब्दकोशाच्या आधारे पहिल्या पायरीपासून वाचू लागली. मी ओसरीवर पोथी वाचत होतो.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही शेवटून सुरुवात केलीत. पहिली पायरी राहिली."

"काय आहे पहिली?"

"नाक बंद करण्याआधी आत वजन घालायचं. नाहीतर विमान शेपटीवर बसतं, असं छापलंय इथे."

गार्डसाहेबांनी नाकाच्या सांध्यावरून नख फिरवले. मग म्हणाले, "आता डबा बंद झाला. सील केलेला डबा मधल्या वाटेत फोडत नाहीत."

"तुम्ही फोडू नका. मी फोडते."

तिने दाभण चुलीत तापवले. विमान उताणे करून, पुढच्या चाकाच्या खाचेत ते अलगद टेकवले. प्लास्टिक वितळल्याचा कडू वास आला. वजन कशाचे घालायचे, हे मी विचारणार होतो. इतक्यात तिने गळ्यातले मंगळसूत्र काढले, वाट्या सोडवून देवापुढे ठेवल्या आणि काळ्या मण्यांची पोत दातांनी तोडली. मी पोथी मिटली. गार्डसाहेब उठले, पण पुढे आले नाहीत.

एकेक मणी तिने त्या छिद्रातून आत सोडला. प्रत्येक मणी आत पडताना अगदी बारीक आवाज होई. कोणी रडत नव्हते. पोत संपली तेव्हा तिने छिद्र मेणाने बुजवले, विमान सुलटे केले आणि टेबलावर ठेवले.

नाक वरच राहिले. एक क्षण, दोन क्षण. मग आतले मणी नाकात नीट बसल्याचा सळसळ असा आवाज आला आणि पुढचे चाक टक्कन टेबलाला टेकले.

गार्डसाहेब टेबलाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. वयोमानाने जड झालेले गुडघे टेकून ते विमानाच्या मागे बसले. दोन्ही शेपट्यांवर कुंकवाचे दोन ठिपके त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होते. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिले, फलाटाच्या टोकाशी उभे राहून पाहावे तसे.

"आली," ते म्हणाले. "पूर्ण आली." मग तसेच बसून, मान न वळवता ते म्हणाले, "सूनबाई, लाइन क्लिअर."

पळसाच्या देठांचा पुतळा मीच गोदावरीच्या काठी बांधला. अग्नी गार्डसाहेबांनी दिला. सटाण्याला जाण्यासाठी ती भावाबरोबर टांग्यात बसली, तेव्हा ते ओट्यावर आले. हिरवे निशाण त्यांनी पूर्ण उलगडून, हात लांब करून धरले. शीळ मात्र त्यांना फुंकता येईना. टांगेवाला निशाणाला सरावलेला होता. तो शिळेसाठी थांबून राहिला. अखेर तिने टांग्यातून खाली उतरून त्यांच्या पाया पडताना हळूच म्हटले, "मामंजी, उशीर होतोय गाडीला." तेव्हा कुठे शीळ वाजली.

त्यानंतरची काही वर्षे ते एकटे राहिले. दिवाळीला सटाण्याहून ती मास्तरांसह येई. पहिली मुलगी झाली तेव्हा गार्डसाहेबांनी तिला आपली शिट्टी वाजवायला दिली होती. विमान टेबलावर चाकांवर सरळ उभे असे. मालगाड्या जात, घर हादरे. पण ते आता वळत नसे.

एका उन्हाळ्यात, तशाच निर्मनुष्य दुपारी, मी शाळेतून परतताना घराच्या मागच्या बाजूने आलो. मागच्या भिंतीवरचा तांबडा कंदील भर उन्हात पेटलेला होता. दिवेलागणीपूर्वी त्यांनी तो कधीही लावलेला मी पाहिला नव्हता. मी हाका मारीत पुढे गेलो.

गार्डसाहेब टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेले होते. मांडीवर हिरवे निशाण उलगडलेले होते. अंग अजून कोमट होते, श्वास नव्हता. टेबलावर विमान दोन्ही शेपट्या टेकून, नाक आभाळाकडे करून बसले होते.

मणी आत मोकळेच होते. शेवटच्या क्षणी त्यांनी ते हातात घेऊन तिरपे केले असेल, मणी मागे घरंगळले असतील. मी हे जाणतो. तरी मी ते नाक खाली केले नाही. मागच्या भिंतीकडे गेलो, कंदिलासमोर उभा राहिलो आणि हात जोडले. पुढे काय गेले ते मला दिसले नव्हते. मागचा दिवा मात्र मी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांना एवढेच हवे असायचे.

वाचकहो, आज तीळ सोडताना मनात आले तेच तुम्हांला देतो. तुमच्या उंबऱ्यातून जो जो बाहेर पडेल त्याची वाट निर्विघ्न असो. त्याच्या मागे कोणी निशाण धरून उभे असो. गोदामाई तुमची लेकरे, लेकी-सुना आणि वृद्ध यांना सांभाळो, आणि घरचा प्रत्येक माणूस सांज होण्याआधी, मागच्या दिव्यासह, पुरताच्या पुरता घरी पोचो. शुभं भवतु.